ऑपरेशनसाठी पैसे गोळा करताय? आधी एस्टिमेट नीट वाचा

आडवाट (धागाकर्ता)

‘बाळाच्या हृदयाच्या ऑपरेशनला १२ लाखांची तातडीने गरज, कृपया पुढे पाठवा’ असा निरोप प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. त्यातले बरेच खरे असतात. पण यातली कितीतरी ऑपरेशनं सरकारी योजनेत फुकट होतात, आणि घरच्यांना ते चार-पाच लाख खर्चून झाल्यावर कळतं. म्हणून हा धागा. ज्यांनी हे काम जवळून पाहिलं आहे त्यांनी भर घालावी. अनुभवकथन नको, नेमकी माहिती द्या.

सुरुवात एस्टिमेटपासून. बहुतेकांच्या हातात एका ओळीचा कागद असतो: ‘अंदाजे खर्च रु. ६,८०,०००’. तो बिनकामाचा. लेटरहेडवर, तारखेसह, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असलेलं एस्टिमेट मागा आणि त्यात हे लिहून घ्या: प्रक्रियेचं पूर्ण नाव, कोणत्या वर्गाची खाट, आयसीयूचे किती दिवस धरलेत, इम्प्लांट असेल तर कोणतं आणि किती, औषधं, रक्त, तपासण्या आत की बाहेर. शेवटी ‘यात समाविष्ट नाही’ अशी ओळ हवीच. बिल फुगतं ते याच ओळीतून.

खाटेच्या वर्गाकडे खास लक्ष द्या. बऱ्याच खाजगी रुग्णालयांत सर्जनची फी, ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) भाडं, तपासण्यांचे दर हे सगळं खाटेच्या वर्गाप्रमाणे बदलतं. म्हणजे ट्विन शेअरिंगऐवजी (दोन रुग्णांची खोली) जनरल वॉर्ड घेतला तर नुसतं खोलीभाडं कमी होत नाही, अख्खं बिल खाली येतं. सर्जन तोच, ओटी तीच.

आता समजा, ६,८०,००० चं एस्टिमेट ट्विन शेअरिंगचं होतं आणि जनरल वॉर्डाचं ५,४०,००० आलं. प्रक्रिया योजनेत बसत नाही असं धरू. रुग्णालय धर्मादाय (ट्रस्टचं) आहे, घरचं उत्पन्न सवलतीच्या ‘दुर्बल’ गटात बसतं, म्हणजे ढोबळमानाने निम्मं, २,७०,०००. एक-दोन ट्रस्टकडून मिळून ७५,००० आले, घरचे ४५,०००. उरले १,५०,०००. त्यात घरी गेल्यानंतरची तीन महिन्यांची औषधं, तपासण्या, गाडीभाडं, राहणं याचे ६०,००० धरा. झाले २,१०,०००. आयसीयू दोन दिवस लांबला तर म्हणून वर १५ टक्के. बेरीज २,४१,५००. लोकांकडे मागायचा आकडा हा. ६,८०,००० नव्हे.

---

सेतूवाला

उत्तम सुरुवात. कागदांबद्दल लिहितो, कारण गाडी तिथेच अडते.

पहिला थांबा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली, २०१७ ला नाव बदललं. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाख होते. २०२४ पासून आयुष्मान भारतशी जोडून ५ लाख झाले आणि पिवळं-केशरीच नाही, पांढरं रेशनकार्डसुद्धा चालतं. ‘आमचं पांढरं आहे, आम्हाला काही मिळत नाही’ हे लोक अजूनही जुन्या सवयीने म्हणतात. किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा वेगळी, साडेचार लाख.

यादीतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं (योजनेच्या मदतनिसाचं) टेबल असतं. डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरण्याआधी तिथे जा. रेशनकार्ड, आधार, डॉक्टरांचा कागद, रिपोर्ट, एवढ्यावर नोंद होते. मग रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं. डिस्चार्जनंतरचे १० दिवस पाठपुराव्याचा खर्चही पॅकेजात येतो. हेल्पलाइन १५५३८८, आयुष्मानची १४५५५.

अडतं ते असं:

रेशनकार्डावर ‘सुरेश’ आणि आधारवर ‘सुरेशकुमार’. कार्ड ऑनलाइन नाही, म्हणजे १२ अंकी नंबरच नाही, तर पुरवठा शाखेत जाऊन तो आधी काढून घ्यावा लागतो. सुनेचं नाव माहेरच्याच कार्डावर. नवजात बाळाचं नाव कुठल्याच कार्डावर नसतं, पण त्यासाठी थांबू नका, आई-वडिलांचं कार्ड आणि जन्माचा दाखला घेऊन आरोग्यमित्राला भेटा.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा आणि चालू आर्थिक वर्षाचा हवा. सरपंचाचा किंवा नगरसेवकाचा चालत नाही. तलाठ्याचा अहवाल लागतो, त्यात आठवडा सहज जातो. अर्जात कारण ‘वैद्यकीय उपचार’ लिहा आणि अ‍ॅडमिशनचा कागद जोडा, मग तहसीलमध्ये लवकर करा म्हणता येतं. ऑपरेशनची तारीख ठरण्याची वाट पाहू नका, निदान झालं त्याच दिवशी दाखल्याचा अर्ज टाका.

---

ओवी

योजनेच्या यादीत रुग्णालय आहे, पण काउंटरवर सांगतात ‘योजनेच्या खाटा भरल्यात’ किंवा ‘हे ऑपरेशन योजनेत येत नाही’. मग काय करायचं?

---

सेतूवाला

@ओवी, दोन वेगळी उत्तरं आहेत.

‘येत नाही’ म्हणाले तर प्रक्रियेचं इंग्रजी नाव डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि १५५३८८ ला फोन करून तेच नाव सांगा. योजनेच्या यादीत प्रक्रिया कोडनुसार असतात. काउंटरवरच्या माणसाने वेगळ्या नावाने शोधलं असं होतं. आणि यादीत असूनही त्या विशिष्ट रुग्णालयाला त्या विशेषतेची मान्यता नसते. तेव्हा दुसऱ्या कुठल्या रुग्णालयाला आहे ते हेल्पलाइनच सांगते.

‘खाटा भरल्यात’ म्हणाले तर आरोग्यमित्राकडे नोंद करायला सांगा. तोंडी नकार म्हणजे काहीच नाही. नोंद झाली की जिल्हा समन्वयकाकडे बोलता येतं.

---

चौथा मजला

धर्मादाय खाटांबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून सविस्तर.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५०, कलम ४१ कक. त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना घालून दिली. ट्रस्टच्या नावावर चालणाऱ्या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. जुन्या कागदांवर ८५ हजार आणि १ लाख ६० हजार दिसेल, ते आता लागू नाही.

पैसा कुठून येतो? रुग्णालयाने सगळ्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’त वेगळी ठेवायची. निर्धन रुग्णाला खाट, नर्सिंग, निवासी डॉक्टर, चादरी, वीज-पाणी याचा पैसा लावायचाच नाही. बिल होणाऱ्या सेवा सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने आणि औषधं, इम्प्लांट खरेदीच्या किमतीने लावून ते सगळं या निधीत टाकायचं. दुर्बल गटाला बिलात ५० टक्के सवलत, औषधं आणि इम्प्लांट पुन्हा खरेदीच्या किमतीने, त्यातला किमान निम्मा भाग रुग्णाने भरायचा. ‘खरेदीची किंमत’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. एमआरपी आणि खरेदी यांत जे अंतर असतं, तेवढ्याची वर्गणी लोक उगाच मागत बसतात.

अर्ज कुणाकडे? बिलिंग काउंटरवर नाही. वैद्यकीय समाजसेवक विचारा, त्यांची खोली बहुधा तळमजल्याच्या मागच्या बाजूला किंवा थेट चौथ्या मजल्यावर असते (म्हणून माझं नाव). दाखला, रेशनकार्ड, आधार आणि एस्टिमेट द्या, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. अ‍ॅडमिशनच्या वेळीच. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात पडल्यावर ‘आम्ही गरीब आहोत’ म्हटलं तर फार तर ५-१० टक्के कापून पाठवणी होते.

‘निधी संपलाय’ हे उत्तर मिळालं तर लेखी मागा. निधीचा दरमहा हिशेब धर्मादाय आयुक्त कार्यालयाला द्यावा लागतो. लेखी नकार घेऊन जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात गेलं की फोन फिरतात. आणि तातडीचा रुग्ण असेल तर अनामत रक्कम मागण्याचा अधिकार या रुग्णालयांना नाही, जीव वाचवण्याचे प्राथमिक उपचार आधी.

---

आडवाट

@चौथा मजला, धन्यवाद. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचं कुणी लिहिणार का? सगळे पहिल्यांदा आमदारांकडे धावतात तेच त्यासाठी.

---

सेतूवाला

लिहितो. आमदाराचं पत्र जोडलं तर हरकत नाही, पण तो आवश्यक कागद नाही.

विहित अर्ज, एस्टिमेट (खाजगी रुग्णालयाचं असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रमाणित केलेलं), तहसीलदाराचा १ लाख ६० हजारांच्या आतला दाखला, आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट, आणि रुग्ण खाटेवर असतानाचा जिओ-टॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो. लहान बाळ असेल तर आईचं आधार. अपघात असेल तर एफआयआर किंवा एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून रुग्णालयाने केलेली नोंद). प्रत्यारोपण असेल तर झेडटीसीसीची (अवयवांची प्रतीक्षायादी सांभाळणारं विभागीय केंद्र) नोंद किंवा समितीची मंजुरी. सगळं एकाच पीडीएफमध्ये, वाचता येईल असं. मोबाईलवर तिरके काढलेले फोटो हे अर्ज परत येण्याचं मोठं कारण.

आजारांची यादी ठरलेली आहे: कॉक्लिअर इम्प्लांट (कर्णबधिर मुलाच्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, वय २ ते ६), हृदय, यकृत, किडनी, फुप्फुस, बोन मॅरो प्रत्यारोपण, कर्करोग, अपघात, खुबा आणि गुडघा बदल, मेंदूचे आजार, डायलिसिस, भाजणं, नवजात बाळाचे आजार वगैरे मिळून २०. रुग्णालय त्यांच्या नोंदीत असावं लागतं आणि पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. जे उपचार जन आरोग्य योजनेत होऊ शकतात त्यासाठी हा निधी नाही. डिस्चार्ज झाल्यावर केलेला अर्ज वाया. भरलेलं बिल परत मिळत नाही.

मुंबईला मंत्रालयात जायची आता गरज नाही, जिल्हाधिकारी कार्यालयांत कक्ष आहेत. अर्जाला एक रुपयाही फी नाही. ‘२० टक्के द्या, काम करून देतो’ म्हणणारे रुग्णालयाच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटतात. त्यांना चहाही पाजू नका.

---

कामगार चाळ

तीन गोष्टी हमखास विसरल्या जातात, थोडक्यात:

ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विमा. पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि पगारपत्रकात कपात दिसत असेल तर कुटुंबही त्यात येतं. कंत्राटी हाउसकीपिंग, सिक्युरिटीतल्या लोकांना आपला आयपी (विमाधारक) नंबर आहे हेच माहीत नसतं.

बांधकाम कामगार मंडळाची जिवंत नोंदणी असेल तर गंभीर आजाराला १ लाख.

आणि मुलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम (आरबीएसके), ० ते १८ वर्षं. अंगणवाडी-शाळेत तपासणीला येणारी गाडी तीच. हृदयाला जन्मजात छिद्र, दुभंगलेला ओठ, वाकडे पाय हे सगळं तिथून पुढे पाठवून मोफत होतं. खारघरला श्री सत्य साई संजीवनीमध्ये लहान मुलांच्या हृदयाचं ऑपरेशन पूर्णपणे मोफत होतं, तिथे बिलाचा काउंटरच नाही. प्रतीक्षायादी मात्र असते. थॅलेसेमियाच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) मुलाला भावंडाची बोन मॅरो जुळत असेल तर कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून १० लाखांपर्यंत मिळतात. मुंबई महापालिकेचं बोरिवलीचं केंद्रही त्यासाठी आहे. या मुलांसाठी लोकवर्गणीचं आवाहन दिसलं की पहिला प्रश्न विचारा: आरबीएसकेकडे गेला होतात का?

---

पासबुक

एवढं सगळं करून तूट उरली आणि लोकांकडे मागायचं ठरलं, तर पैसे कुठल्या खात्यात घ्यायचे याचा विचार आवाहन लिहिण्याआधी.

सर्वांत चांगलं म्हणजे रुग्णालयाचं खातं. देणाऱ्याने शेऱ्यात रुग्णाचं नाव आणि आयपीडी (दाखल रुग्णाचा) नंबर लिहायचा, यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक कळवायचा. रुग्णालयाच्या अकाउंट्सला रोज संध्याकाळी ती यादी द्यायची, कारण त्यांच्याकडे दिवसाला शेकडो एनईएफटी येतात आणि नाव न लिहिलेले ५०० रुपये कुणाच्या नावे टाकायचे हे त्यांना कळत नाही. जास्तीची रक्कम उरली तर कुणाला परत जाईल, हेही आधी लिहून घ्या.

घरच्यांच्या खात्यात घ्यायचे असतील तर आधी खात्याचा प्रकार बघा. अपुऱ्या केवायसीवर उघडलेलं ‘स्मॉल अकाउंट’ असेल (जुनी बरीच जनधन खाती अशी आहेत) तर शिल्लक ५० हजारांवर जात नाही, वर्षभरात एकूण जमा १ लाख, आणि महिन्याला १० हजारच काढता येतात. आवाहन फिरतं, पहिल्या संध्याकाळी ५० हजार जमतात आणि त्यानंतरचे व्यवहार परत जायला लागतात. देणाऱ्याला वाटतं फसवणूक आहे. शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करून घ्या, एका दिवसाचं काम आहे.

दुसरा धोका: शेकडो अनोळखी लोकांकडून पैसे येतात, त्यात एखाद्याचा पैसा सायबर फसवणुकीतला निघाला तर पोलिसांच्या सूचनेवरून बँक ती रक्कम, काही वेळा अख्खं खातं गोठवते. ऑपरेशन उद्या आणि खातं बंद. म्हणून शाखा व्यवस्थापकाला आधीच साधं पत्र द्या: अमुक उपचारासाठी वर्गणी येणार आहे, एस्टिमेट जोडलं आहे. आणि जमलेले पैसे खात्यात साठवू नका, दर दोन दिवसांनी रुग्णालयाच्या डिपॉझिटला वळते करा.

रोखीचं: एकाच कारणासाठी एका व्यक्तीकडून २ लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, रुग्णालयालाही. तेव्हा डब्यात जमलेले अडीच लाख पिशवीत घालून काउंटरवर नेले तर घेणार नाहीत. यूपीआयने माणसाला दिवसाला १ लाख जातात, पण रुग्णालयाच्या मर्चंट क्यूआरला ५ लाखांपर्यंत मर्यादा आहे.

---

लेखापाल

@पासबुक, नेमकं. कराचं मी जोडतो.

नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळून ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम विनामोबदला मिळाली तर ती ‘इतर उत्पन्न’ धरली जाते. १९६१ च्या कायद्यात ५६(२)(एक्स). २०२५ च्या नव्या कायद्यातही तत्त्व तेच, कलमाचा क्रमांक बदलला. उपचारासाठी आली म्हणून आपोआप सूट नाही. नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्टकडून मिळालेली रक्कम यातून वगळली आहे, म्हणूनही ट्रस्टमार्फत किंवा थेट रुग्णालयात पैसे जाणं बरं. आई-वडील, सख्खी भावंडं, काका-मामा-मावशी-आत्या हे नातेवाईक. चुलतभाऊ कायद्याच्या लेखी परका. लग्नात त्याचा मान असेल, इथे नाही.

देणाऱ्यासाठी: व्यक्तीच्या खात्यात दिलेल्या पैशांवर ८०जी (देणगीवरची कर-वजावट) मिळत नाही. ट्रस्टची ८०जी नोंदणी हवी आणि रोख २,००० पेक्षा जास्त दिली तर वजावट नाही.

केटो, मिलाप, इम्पॅक्टगुरू यांसारख्या ऑनलाइन वर्गणीच्या मंचांवर जाणार असाल तर तीन आकडे विचारा: मंचाची फी, पेमेंट गेटवेचा आकार (साधारण २-३ टक्के, वर १८ टक्के जीएसटी), आणि जाहिरातीचा खर्च. ‘शून्य फी’ लिहिलेलं असलं तरी देताना पानावर ‘टिप’ म्हणून काही टक्के आधीच निवडलेले असतात. तो आकडा खाली आणता येतो, हे देणाऱ्यांना सांगा. टिप मंचाकडे जाते, रुग्णाकडे नाही. आणि ‘आम्ही तुमची मोहीम फेसबुकवर चालवू’ म्हणाले तर तो खर्च जमलेल्या रकमेतून कापणार का आणि किती टक्के, हे करारात बघूनच सही करा. मंचांचा फायदाही आहे: ते रुग्णालयाशी बोलून कागद पडताळतात, रक्कम थेट रुग्णालयाला पाठवू शकतात आणि हिशेब सगळ्यांना दिसतो. गावाबाहेरच्या अनोळखी लोकांपर्यंत जायचं असेल तर ते हवेत. सगळे देणारे ओळखीतलेच असतील तर त्या २-३ टक्क्यांचं दूध घ्या पेशंटला.

---

खाडीपलीकडे

अमेरिकेतून विचारतो. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना द्यायचं आहे. गोफंडमी (इथला ऑनलाइन वर्गणीचा मंच) चालेल का?

---

लेखापाल

गोफंडमीवर भारतातल्या बँक खात्यात पैसे काढता येत नाहीत. तिथे राहणाऱ्या कुणीतरी आपल्या नावावर मोहीम उघडून, आपल्या खात्यात घेऊन, मग पाठवावे लागतात. म्हणजे तिथल्या कराचं आणि विश्वासाचं ओझं त्या एकट्यावर. मोहिमेच्या मजकुरात ‘मी लाभार्थी नाही, रक्कम अमुक रुग्णालयाला जाईल’ हे स्पष्ट लिहा, पावती चिकटवा.

इकडे एफसीआरए, २०१० (परकीय देणग्यांचा कायदा) बघावा लागतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने बँकेतून पाठवलेले स्वतःचे पैसे ‘परकीय योगदान’ नाहीत. नागरिकत्व बदललेला, ओसीआय कार्डवाला मात्र परकीय स्रोत धरला जातो. आडनाव जोशी असलं तरी. ट्रस्टमार्फत असेल तर त्या ट्रस्टची एफसीआरए नोंदणी आणि स्टेट बँकेच्या दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं, गावच्या शाखेतल्या खात्यात घेतलं तर ट्रस्ट अडचणीत येतो. मंडळात कुणाचा पासपोर्ट कुठला याची यादी आधी करा, मग मार्ग ठरवा.

---

कोरा कागद

आवाहनाचा मजकूर कसा असावा, एक नमुना देतो. नावं-आकडे काल्पनिक.

*‘रुग्ण: स. पा., वय ३४, जि. धाराशिव. निदान: हृदयाची झडप निकामी, झडप बदलण्याची शस्त्रक्रिया. रुग्णालय व आयपीडी नंबर: (लिहा). एकूण एस्टिमेट ५,४०,०००. धर्मादाय सवलत २,७०,०००. ट्रस्ट ७५,०००. घरचे ४५,०००. नंतरची औषधं, राहणं, राखीव ९१,५००. हवेत २,४१,५००. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात. खात्री करायची असल्यास समाजसेवा विभागाला फोन करा. हे आवाहन दि. — पर्यंतच. रक्कम पूर्ण होताच बंद केल्याचं इथेच कळवू. रक्कम उरल्यास अमुक रुग्णालयाच्या निर्धन रुग्ण निधीला जाईल.’*

एवढंच. ‘तुमचे १० रुपये एक जीव वाचवतील’ ही भाषा टाळा. आकडे जुळलेले दिसले की लोक देतात.

तारीख सर्वांत महत्त्वाची. तारीख नसलेला निरोप चार-पाच वर्षं फिरतो. रुग्ण बरा होऊन शेतात कामाला लागलेला असतो आणि मध्यरात्री फोन येत राहतात.

रिपोर्ट चिकटवताना आधार क्रमांक, बारकोड, पत्ता, मोबाईल काळे करा. मोबाईलच्या पेनने अर्धपारदर्शक रेघ ओढू नका, ब्राइटनेस वाढवला की खालचं वाचता येतं. घन चौकोन टाका. मुलाचा नळ्या लावलेला फोटो टाकू नका, त्याने पैसे थोडे जास्त येतीलही, पण तो फोटो इंटरनेटवर कायमचा राहतो आणि उद्या ते पोर शाळेत जाणार आहे.

आणि प्रत्यारोपणाच्या आवाहनात ‘दाता हवा, योग्य मोबदला देऊ’ असं चुकूनही लिहू नका. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली तो गुन्हा आहे, ५ ते १० वर्षं कैद. वर्गणी उपचाराची मागा, अवयवाची नाही.

---

ओवी

देणाऱ्याने खात्री कशी करायची? मजकूर खरा, क्यूआर दुसऱ्याचाच, असंही होतं ना?

---

पासबुक

होतं, आणि सोपं आहे ते करणं. खऱ्या आवाहनाचं चित्र घेतात, कोपऱ्यातला क्यूआर बदलतात. स्कॅन केल्यावर जे नाव येतं ते वाचा. रुग्णाचं, जवळच्या नातलगाचं किंवा रुग्णालयाचं नसेल तर थांबा. रुग्णालयाचा नंबर आवाहनातून घेऊ नका, स्वतः शोधून फोन करा, समाजसेवा विभाग मागा आणि फक्त एवढंच विचारा: या आयपीडी नंबरसाठी डिपॉझिट घेताय का? आजाराची माहिती ते सांगणार नाहीत, सांगूही नये, पण डिपॉझिटचं उत्तर देतात. आवाहनात आयपीडी नंबर नाही आणि ‘फक्त यूपीआय, वेळ नाही’ असा घोषा असेल तर मी देत नाही.

---

वाळवंटी

मला @आडवाट यांचा हिशेब पटला नाही. इतका काटेकोर आकडा मागितला आणि आयसीयू आठ दिवस लांबला तर? दुसऱ्यांदा मागायला गेलं की कुणी देत नाही. सुरुवातीलाच जास्त मागावं, उरलं तर परत द्यावं.

---

आडवाट

@वाळवंटी, मुद्दा खोटा नाही. १५ टक्के काही आजारांना कमी पडतात. मेंदूची शस्त्रक्रिया, यकृत प्रत्यारोपण, अपुऱ्या दिवसांचं बाळ, यांत मी ३० टक्के धरीन. पण ते ‘राखीव’ म्हणून वेगळं दाखवा. मोठा आकडा न फोडता मागितला तर दोन गोष्टी होतात. एक, देणाऱ्याला आपले ५०० समुद्रात थेंब वाटतात. दोन, रुग्णालयाच्या बिलिंगवाल्यांचंही व्हॉट्सअ‍ॅप असतं. १२ लाख जमल्याचं त्यांनाही दिसतं आणि मग सवलतीचा विषय संपतो.

---

चौथा मजला

शेवटच्या वाक्याला +१. म्हणून सवलतीचा निर्णय लेखी घ्या, मगच आवाहन टाका. क्रम उलटा करू नका.

एक अप्रिय मुद्दा राहिलाय. रुग्ण दगावला तर काय, हे आवाहनातच लिहा. त्या दिवशी घरच्यांना हिशेबाची शुद्ध नसते आणि चार दिवसांनी ‘उरलेल्या पैशांचं काय झालं’ अशी कुजबुज सुरू होते. साधा क्रम ठेवा: आधी रुग्णालयाचं थकलेलं बिल, मग उपचारासाठी काढलेलं उधार, मग उरलं तर ठरलेल्या निधीला. आणि हिशेब घरच्यांपेक्षा तिसऱ्याच माणसाकडे असू द्या, शाळेतले गुरुजी, पोस्टमास्तर, कुणीही.

---

गणपती मंडळ

चौकात दानपेटी ठेवणार असाल तर कलम ४१ग खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, गणेशोत्सवाच्या वर्गणीला घेतो तीच. नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय कारणासाठी पैसे गोळा करायचे तर ती हवीच, अर्ज ऑनलाइन होतो आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. पेटीला दोन कुलपं, किल्ल्या दोघांकडे, रोज रात्री चार जणांसमोर मोजणी आणि मोजणीच्या कागदाचा फोटो ग्रुपवर. पावतीपुस्तक क्रमांकाचं.

---

तिलारी

सीमाभाग आणि गोवा राहिलं. कर्नाटकातल्या ८६५ मराठीभाषक गावांना २०२३ मध्ये जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्राने घेतला, बेळगाव-निपाणीकडच्यांनी विचारावं. गोव्याचे रहिवासी असाल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना: तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार आणि वर असतील तर चार लाख. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) जे होत नाही त्याला वेगळी मेडिक्लेम योजना आहे. सिंधुदुर्गातली माणसं उपचाराला बांबोळीलाच जातात, त्यांनी निघण्याआधी १५५३८८ ला विचारावं की आपल्या ऑपरेशनला तिथे महाराष्ट्राचं कार्ड चालेल का.

---

ओवी

कॉक्लिअर इम्प्लांटसाठी आवाहन लिहायचं आहे, मूल तीन वर्षांचं. वरचं सगळं वाचून आधी कुठे विचारू?

---

सेतूवाला

आधी आरबीएसकेचं पथक किंवा जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी (मुलांतले दोष लवकर शोधून उपचार करणारं केंद्र). दुसरं, वांद्र्याची अली यावर जंग (श्रवणदोषांची) संस्था, केंद्राच्या एडिप (दिव्यांगांना साधनं देणाऱ्या) योजनेत इम्प्लांट तिथून मिळतं, पाच वर्षांच्या आत अर्ज हवा, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे पण फार नाही. तिसरा मुख्यमंत्री निधी.

वर्गणी मागायचीच झाली तर ऑपरेशनसाठी मागू नका. इम्प्लांटच्या बाहेरच्या भागाची, म्हणजे प्रोसेसरची, वायर आणि कॉइल तुटते, बॅटऱ्या संपतात, वॉरंटी संपल्यावर प्रोसेसर बिघडला तर मोठा खर्च येतो, आणि भाषा यायला किमान दोन वर्षं आठवड्यातून दोनदा थेरपी लागते. बसभाडं धरून त्याचं दोन वर्षांचं एस्टिमेट थेरपिस्टकडून लिहून घ्या आणि इथे टाका, आकडे तपासून देतो.